कुत्रा माणसाळला कसा?



रात्रीचे व्याख्यान ऐकून किंवा नाटकाचा शेवटचा अंक पाहून आपण गिरगावातल्या किंवा लालबागच्या आपल्या चाळीकडे परतता, तेव्हा जिन्याच्या तोंडाशी एक कुत्रे अंगाचे मुटकुळे करून निजलेले असते. आपली पावले वाजताच ते एक डोळा उघडते, कान हलवते, आणि हा आपल्यातलाच आहे असे मनाशी ठरवून पुन्हा डोळा मिटते. आपल्यामागून एखादा अनोळखी मनुष्य आला, तर मात्र तेच कुत्रे उठून साऱ्या चाळीला जागे करते. हे कुत्रे कुणाचे? तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाचे नव्हे, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचेही नव्हे. त्याच्या गळ्यात पट्टा नाही. त्याला कुणी विकत आणलेले नाही, राखणीचा धडा कुणी शिकवलेला नाही. तरी चाळीतले माणूस न् माणूस ते ओळखते, आणि कुणाच्या दाराशी शिळी पोळी मिळते व कुणाच्या दाराशी ‘हाड्’ ऐकावे लागते, हेही त्याला पक्के ठाऊक असते.

आज आम्ही आपल्यासमोर जो विषय मांडणार आहोत तो या जिन्यातल्या कुत्र्याचा आहे. इतिहासाच्या व्यासपीठावर राजेमहाराजांची, लढायांची आणि तहांची चर्चा व्हावयाची. तेथे कुत्र्याला कशाला आणले, असे कुणी म्हणेल. परंतु माणसाने जे जे प्राणी जवळ केले त्यांत कुत्रा सर्वांत जुना आहे. शेळी, मेंढी, गाय, डुक्कर, घोडा, कोंबडी हे सारे त्याच्या मागून आले. माणसाने धान्याचा पहिला दाणा पेरला त्याच्या आधी कित्येक हजार वर्षे कुत्रा त्याच्या शेकोटीपाशी बसलेला होता. तेव्हा हा तह आपल्या सर्व तहांहून जुना आहे. आज मुंबईत, आणि साऱ्या देशात, त्या तहाच्या अटींवरून वाद माजला आहे. तो नीट समजून घ्यावयाचा तर मुळात हा तह झाला कसा, हे पाहिले पाहिजे.

या बाबतीत आपली मराठी भाषा आपल्याला एक चांगली वाट दाखवते. मराठीत दोन क्रियापदे आहेत. एक ‘पाळणे’ आणि दुसरे ‘माणसाळणे’. पाळण्याचे काम माणूस करतो. जनावर पाळले जाते. माणसाळण्याचे काम मात्र जनावराचे स्वतःचे असते. त्याला माणसाची सवय होते, भीती मोडते, ओढ लागते. ‘आम्ही कुत्रा पाळला’ असे आपण म्हणतो खरे, पण इतिहासात क्रम उलटा दिसतो. कुत्रा आधी माणसाळला. तो पाळला गेला फार नंतर. आमच्या आजच्या सांगण्याचे सार एवढेच आहे. बाकी सारा त्याचा पुरावा.

कुत्र्याचा पूर्वज लांडगा होय, याविषयी आता शास्त्रज्ञांत मतभेद उरलेला नाही. मात्र हा लांडगा आपल्या ओळखीचा नव्हे. सोलापूर, अहिल्यानगर, पुणे या जिल्ह्यांच्या माळरानांवर धनगरांच्या मेंढ्यांमागे जो लांडगा फिरतो, तो कुत्र्याचा बाप नसून चुलता आहे. त्याचे घराणे फार पूर्वीच वेगळे झालेले होते. कुत्रा ज्या लांडग्यांपासून निपजला ते हिमयुगातील उत्तरेकडचे लांडगे होते आणि त्यांचा तो वंश आज शिल्लक नाही. हे नेमके कोठे घडले, याचा निकाल अद्याप लागलेला नाही. प्राचीन हाडांतील जनुकद्रव्य तपासून २०२२ साली जे संशोधन प्रसिद्ध झाले, त्यात कुत्र्याचे नाते पूर्वेकडील आशियातल्या जुन्या लांडग्यांशी अधिक जवळचे दिसले. कालाविषयी एवढे खात्रीने म्हणता येते की, चौदा हजार वर्षांपूर्वी कुत्रा माणसाबरोबर होता. अकरा हजार वर्षांपूर्वी तर कुत्र्यांच्या निदान पाच वेगवेगळ्या शाखा जगात पसरल्या होत्या, म्हणजे आरंभ त्याच्याही बराच आधीचा.

आता प्रश्न असा की, मेंढरे फाडणारा हा पशू माणसाच्या पायाशी येऊन बसला कसा? लहानपणी आपण सर्वांनी एक गोष्ट ऐकली आहे. कोणी एक शिकारी रानात गेला, त्याला लांडगीची पोरकी पिले सापडली, त्याने ती घरी आणली, वाढवली आणि त्यांचे कुत्रे झाले. गोष्ट गोड आहे, पण तिला एक अडचण आहे. लांडग्याचे पिलू डोळे उघडण्यापूर्वी आणून माणसाच्या हातावर वाढवले, तर ते माणसाला लळा लावते. पण वयात आले की त्याचा स्वभाव उफाळतो. ते अन्नावर हक्क सांगते, दात दाखवते, आणि एके दिवशी जोडीदार शोधायला निघून जाते. समजा राहिलेच, तरी त्याच्या पिलांना तो लळा वारशाने मिळत नाही. प्रत्येक पिढीला पहिल्यापासून सुरुवात. एक जनावर माणसाळणे निराळे आणि एक जात माणसाळणे निराळे. हत्तीचे उदाहरण घ्या. हजारो वर्षे माणूस हत्तीवर बसतो आहे, पण हत्तीची जात काही माणसाळलेली नाही. रानातून धरून आणलेल्या प्रत्येक हत्तीला नव्याने शिकवावे लागे.

म्हणून अनेक अभ्यासक दुसरी उपपत्ती मांडतात. तिच्यात पहिले पाऊल माणसाने नव्हे, लांडग्याने उचलले आहे. माणसांचा तळ जेथे पडतो तेथे उष्टे-खरकटे, हाडे, आतडी पडतात. रात्री त्या वासाने लांडगे येतात. माणूस खाकरला, काटकी मोडली, की भित्रा लांडगा एका दमात टेकडीपलीकडे पळतो आणि उपाशी राहतो. आडदांड लांडगा अंगावर येतो आणि भाल्याने मरतो. या दोघांच्या मधला, जो चार पावले मागे सरकून तेथेच थांबतो, वाट पाहतो आणि माणूस वळताच पुन्हा पुढे येतो, त्याचे पोट भरते. त्याची पिले जगतात. त्या पिलांतही जे अधिक निवांत, ते अधिक जगते. असे शेकडो पिढ्या चालले. कुणी कुणाला पकडले नाही, बांधले नाही, शिकवले नाही. उकिरड्याने निवड केली.

यावर एक रास्त आक्षेप आहे, आणि तो आम्ही आपल्यापासून लपवणार नाही. कुत्रा झाला तेव्हा गावे नव्हती, शेती नव्हती. माणसे पंचवीस-तीसच्या टोळ्यांनी हिंडत होती. एवढ्याशा टोळीचा उकिरडा तो केवढा? त्यावर लांडग्यांचा वंश पोसला जाईल काय? या आक्षेपाला २०२१ साली फिनलंडमधील संशोधकांनी एक उत्तर सुचवले. हिमयुगाच्या कडक हिवाळ्यात शिकारीच्या जनावरांच्या अंगावर चरबी उरत नसे. आणि माणसाचे शरीर निव्वळ कोरड्या मांसावर फार दिवस तग धरू शकत नाही. त्यामुळे मांस होते, पण ते सारे माणसाला खाता येत नव्हते. लांडग्याला मात्र तेच मांस चालते. म्हणजे एकाला जे नको, ते दुसऱ्याला हवे होते. ही उपपत्ती सर्वांना मान्य आहे असे नाही. काही विद्वान शिकारीतील भागीदारीवर भर देतात, तर काही पिले आणून वाढवण्याच्या मानवी हौसेवर. खरी गोष्ट बहुधा या सर्वांच्या मिश्रणाने घडली असेल. पण कोणतीही उपपत्ती घेतली, तरी एक मुद्दा समान राहतो. ज्या प्राण्याची माणसाविषयीची भीती कमी होती तो टिकला, आणि त्याच्यापासून कुत्रा झाला.

निव्वळ भीती कमी झाल्याने एवढा पालट होतो काय? याचे उत्तर शोधण्यासाठी दिमित्री बेल्याएव या रशियन शास्त्रज्ञाने १९५९ साली सायबेरियातील नोवोसिबिर्स्क येथे एक प्रयोग मांडला. ल्युदमिला त्रूत या त्याच्या सहकारी. बेल्याएव १९८५ साली निवर्तल्यावर त्यांनीच तो पुढे चालवला. त्यांनी रुपेरी खोकडे घेतली. खोकड म्हणजे कोल्ह्याचा धाकटा भाऊ. प्रत्येक पिढीत जी खोकडे माणसाला पाहून कमीत कमी बिथरत, तेवढ्यांचीच पुढे पैदास करावयाची. रंग, रूप, आकार काहीही पाहावयाचे नाही. काही पिढ्यांतच पिले शेपटी हलवत माणसाकडे धावू लागली, हात चाटू लागली. पुढे कुणाचे कान पडले, कुणाची शेपटी वर वळली, कुणाच्या अंगावर पांढरे ठिपके आले. ही खोकडे मूळची फरसाठी पिंजऱ्यात वाढवलेली होती, म्हणजे अगदी रानटी नव्हती, आणि यांतली काही लक्षणे त्यांच्यात आधीच असावीत, अशी टीका पुढे झाली आहे. ती ध्यानात ठेवली पाहिजे. तरीही स्वभावाची निवड थोड्या पिढ्यांत केवढी मजल मारते, हे त्या प्रयोगाने दाखवले.

उकिरड्याचा हा हिशेब ऐकून कुणाला वाटेल की, या नात्यात प्रेमाला जागाच नाही काय? आहे, आणि तिचा पुरावा जमिनीखाली सापडतो. जर्मनीतील बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली दगडाच्या खाणीत एक कबर लागली. तिच्यात एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत एक कुत्रा होता. काल सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचा. त्या कुत्र्याचे दात पुढे शास्त्रज्ञांनी बारकाईने तपासले. ते सुमारे सात महिन्यांचे पिलू होते आणि लहानपणी त्याला डिस्टेंपर हा कुत्र्यांचा भयंकर रोग झाला होता. या रोगात पिलाला ताप येतो, उलट्या-जुलाब होतात, ते उठूही शकत नाही. तरी ते काही आठवडे जगले. याचा अर्थ कुणीतरी त्याला पाणी पाजले, स्वच्छ केले, उबेत ठेवले. आजारी पिलाचा शिकारीला उपयोग नाही, राखणीलाही नाही. तरी त्याची शुश्रूषा झाली, आणि मेल्यावर त्याला माणसांशेजारी पुरले गेले. उकिरड्यापासून निघालेली वाट येथे अंथरुणापर्यंत येऊन पोचली होती.

यानंतर माणूस शेती करू लागला आणि कुत्र्याच्या पोटातही क्रांती झाली. आपल्याकडे म्हण आहे, आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते. आपण ती अंदाधुंद कारभाराला लावतो. पण तिच्यातले कुत्रे जे करते आहे ते लांडग्याला फारसे साधणारे नाही. पीठ पचवायला जे पाचकद्रव्य लागते, ते तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात सहसा दोनच प्रती असतात. कुत्र्यात त्या चारपासून तिसापर्यंत आढळतात. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ साली हे दाखवून दिले. ऑस्ट्रेलियातील डिंगो हा रानकुत्रा शेतीच्या सहवासात वाढला नाही, त्याच्यात मात्र या प्रती लांडग्याइतक्याच आहेत. म्हणजे माणसाने ज्वारी-बाजरी, गहू-तांदूळ खायला आरंभ केला आणि त्याच्या दाराशी बसलेल्या कुत्र्याचे पोट भाकरीचे झाले. जिन्यातले कुत्रे शिळ्या पोळीवर जगते, याच्यामागे हजारो वर्षांचा इतिहास उभा आहे.

पोट बदलले तसे डोळेही बदलले. भुवईचा आतला भाग उचलून केविलवाणे पाहण्याची जी विद्या कुत्र्याला अवगत आहे, तिच्यासाठी एक लहानसा स्नायू लागतो. तो कुत्र्यात चांगला वाढलेला असतो, लांडग्यात जवळजवळ नसतोच. हे २०१९ साली दाखवण्यात आले. माणसाच्या बोटाचा इशारा समजण्याची शक्तीही अशीच. ती शिकवणीने येते की जन्माने, हा वाद होता. कोलकात्याच्या आयसर संस्थेतील अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांनाच विचारला. त्यांनी दोन वाडगी ठेवून एकाकडे बोट दाखवले. जी कुत्री पुढे आली त्यांतील बहुतेक दाखवलेल्या वाडग्याकडे गेली. ज्यांना कुणी कधी काही शिकवले नव्हते, त्यांची ही गोष्ट.

आता आपल्या भूमीकडे वळू. सिंधू संस्कृतीच्या चन्हुदडो या गावी एक वीट सापडली आहे. ती ओली असताना तिच्यावरून एक मांजर पळाले आणि कुत्राही धावला. दोघांचे पाय तिच्यावर उमटले आहेत. आपल्या गल्लीत रोज घडणारा हा प्रसंग चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे. काश्मिरात बुर्झाहोम येथे नवाश्मयुगीन माणसांबरोबर कुत्री पुरलेली आढळली. आणि महाराष्ट्रात, पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात जे उत्खनन केले, त्यात सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकऱ्यांचे गाव उजेडात आले. गोल आणि चौकोनी घरे, अंगणात पुरलेले रांजण, जवाची शेती. आणि जनावरांच्या हाडांत कुत्र्याचीही हाडे. म्हणजे महाराष्ट्रातल्या पहिल्यावहिल्या गावकऱ्यांच्या अंगणातही वाघ्या आणि मोत्या होतेच.

परंतु आपले आणि कुत्र्याचे नाते कधीच सरळ राहिले नाही. एका अंगाने पाहावे तर दत्तात्रेयांच्या पायाशी चार कुत्री बसलेली आहेत आणि त्यांना चार वेद म्हटले आहे. भैरवाचे वाहन कुत्रा. जेजुरीच्या खंडोबाबरोबर कुत्रा असतो, आणि त्याचे भक्त वाघ्ये देवापुढे कुत्र्यासारखे भुंकून स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवून घेण्यात भूषण मानत आले. महाभारताच्या अखेरीस धर्मराज कुत्र्यावाचून स्वर्गात पाऊल टाकायला तयार होत नाही. जेवणाआधी गाय, कुत्रा आणि कावळा यांच्यासाठी घास काढून ठेवण्याची चाल पुष्कळ घरांत होती. दुसऱ्या अंगाने पाहावे तर त्याच कुत्र्याचा स्पर्श विटाळ मानला गेला, आणि माणसाला द्यायची अत्यंत हीन शिवीही त्याच्याच नावाने. घास द्यावा, पण उंबऱ्याच्या बाहेर. आमच्या मते या दुटप्पीपणात एक ऐतिहासिक सत्य दडलेले आहे. आपल्या लोकांनी कुत्र्याला ना रानात घालवले, ना घरात घेतले. त्याचे मूळचे स्थान, म्हणजे वस्तीची कड, आपण त्याला कायम ठेवले. पाश्चात्त्य देशांत कुत्रा घरात गेला आणि रस्त्यावरून नाहीसा झाला. आपल्याकडे तो जेथे होता तेथेच राहिला.

मुंबईत या नात्याची कसोटी लागली ती १८३२ साली, आणि ती लावली पारशी समाजाने. ऋग्वेदात यमाची दोन कुत्री चार डोळ्यांची सांगितली आहेत. पारशांच्या वेंदिदाद या धर्मग्रंथातही चार डोळ्यांचा कुत्रा आहे. चार डोळे म्हणजे डोळ्यांवर दोन ठिपके. मृतदेहावर कुत्र्याची नजर पाडण्याचा ‘सगदीद’ नावाचा विधी त्यांच्यात आहे. कुत्र्याला छळणे त्यांच्या धर्मात मोठे पाप. आता कंपनी सरकारची रीत अशी होती की, उन्हाळ्याच्या दिवसांत पिसाळण्याचे भय असते म्हणून रस्त्यावरची कुत्री मारावयाची, आणि मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे द्यावयाचे. १८३२ साली या मोहिमेची मुदत वाढवण्यात आली. पैशाच्या लोभाने पाळलेली कुत्रीही ओढून नेतात, अशी ओरड सुरू झाली. शेवटी ६ जूनला, पारशांच्या सणाच्या दिवशी, कोटातील सुमारे २०० पारशांनी कुत्री मारणाऱ्या शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी हरताळ पडला. पारशांबरोबर हिंदू, जैन आणि मुसलमानही त्यात सामील झाले. दुकाने बंद झाली, कुलाब्याच्या लष्कराकडे जाणारी रसद अडवली गेली, आणि सरकारला सैन्य बोलवावे लागले. पुढे धरपकड आणि शिक्षाही झाल्या.

या दंग्यामागे केवळ कुत्री नव्हती; आपल्याला न विचारता आपल्या गल्लीत सरकारने हात घातला, याचा रागही होता. तरी लक्षात घ्यावयाचे ते हे की, ज्या कुत्र्यांचा कागदोपत्री कुणी मालक नव्हता, त्यांच्यासाठी शहर बंद पडले. मालक नव्हता, पण त्यांचे कुणीच नव्हते असे मुळीच नाही. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीशहा शेठ यांच्या पुढाकाराने भुलेश्वरी पांजरपोळ स्थापन झाली. गिरगावकरांना ती ठाऊक आहेच. पण तिच्या आरंभी या दंग्याची आठवण आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसेल.

येथवर आम्ही कुत्र्याचा पक्ष मांडला. आता माणसाचा पक्ष मांडला नाही, तर ते इतिहासकथन नव्हे, वकिली होईल. १८३२ साली सरकार जिला भीत होते ती गोष्ट काल्पनिक नव्हती. रेबीज एकदा अंगात उठला की जवळजवळ कुणीही वाचत नाही, आजही नाही. ६ जुलै १८८५ रोजी पाश्चरने पॅरिसमध्ये पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचली आणि तो वाचला, तोपर्यंत तर माणसाच्या हाती काही उपायच नव्हता. पुढे आपल्या परळला या गोष्टीच्या दोन्ही बाजू शेजारी-शेजारी उभ्या राहिल्या. प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था मुंबईत १८७४ साली निघाली. पुढच्या दशकात दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला बाई साकरबाई पशुरुग्णालय झाले, आणि १८८६ साली तेथेच पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. तेथून जवळच, गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात, १८९९ साली प्लेगची प्रयोगशाळा आली. तीच आजची हाफकिन संस्था, आणि रेबीजवरची लस तेथे तयार होऊ लागली. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत, ही आठवण येथल्या वडीलधाऱ्या मंडळींना असेल. त्या जुन्या पद्धतीची लस देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आताची लस दंडात टोचतात आणि मात्राही थोड्या लागतात.

लस आली, पण कुत्री मारण्याची रीत चालूच राहिली. कंपनी गेली, राणी सरकार गेले, स्वराज्य आले. पालिकेची कुत्रागाडी फिरतच होती. वर्षानुवर्षे कुत्री मारली गेली, आणि संख्या हटली नाही. याचे कारण आपण आताच पाहिलेल्या इतिहासात आहे. कुत्रा उकिरड्यावर जगतो. दहांतली पाच मारली, तर त्यांचे अन्न उरलेल्या पाचांना मिळते, त्यांची पिले अधिक जगतात, आणि रिकाम्या गल्लीत शेजारच्या गल्लीतली कुत्री शिरतात. उकिरडा तेवढाच राहिला तर कुत्रीही तेवढीच राहणार. हे ध्यानात आल्यावर मुंबई महापालिकेने १९९४ पासून मारणे थांबवून नसबंदीचा मार्ग धरला. २००१ साली केंद्र सरकारने देशभरासाठी तसे नियम केले आणि २०२३ साली ते नव्याने काढले. नसबंदी करावयाची, लस टोचावयाची आणि कुत्रा पुन्हा त्याच गल्लीत सोडावयाचा. त्याच गल्लीत अशासाठी की तो परक्या कुत्र्याला आत येऊ देत नाही. मुंबईत २०१४ च्या गणनेत सुमारे ९५ हजार कुत्री होती आणि २०२४ च्या अंदाजात सुमारे ९० हजार. घट झाली, पण फार थोडी.

दुसरीकडे माणसे मरतच आहेत. भारतात रेबीजने वर्षाला सुमारे ५,७०० माणसे मरतात, असा अलीकडचा शास्त्रीय अंदाज आहे. त्यांत मुले पुष्कळ असतात, आणि गरिबांची अधिक. पहाटे दूध टाकायला निघणाऱ्या पोराला, कचरा वेचणाऱ्या बाईला कुत्र्यांचा घोळका काय असतो, हे मोटारीतून जाणाऱ्याला कळावयाचे नाही. २०२५ साली हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ऑगस्टमध्ये आधी दिल्लीतली कुत्री उचलून बंदिस्त ठेवण्याचा हुकूम झाला, आणि थोड्याच दिवसांत तो बदलून लस टोचून, नसबंदी करून परत सोडण्याचा. पिसाळलेली आणि हल्लेखोर कुत्री मात्र वगळून. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, रेल्वे स्थानके यांच्या आवारांतून कुत्री हलवण्याचा आदेश निघाला. सगळी हाकला असे एक पक्ष म्हणतो, एकालाही हात लावू नका असे दुसरा म्हणतो, आणि दोघेही आपण नवीन काही बोलत आहोत असे समजतात. १८३२ सालच्या मुंबईने दोन्ही बाजू ऐकल्या होत्या.

मग इतिहास आपल्याला काय सांगतो? आमच्या अल्पमतीप्रमाणे तो असे सांगतो की, हा प्रश्न कुत्र्याचा नसून आपल्या उकिरड्याचा आणि आपल्या जबाबदारीचा आहे. कुत्रा आपल्या खरकट्यावर जन्मला. खरकटे आपण कसे टाकतो त्यावर त्याची संख्या ठरते. खाऊ घालावयाचे तर पोळीचा तुकडा टाकून पुण्य पदरात पाडून घेणे पुरे नाही. त्याची नसबंदी झाली की नाही, लस टोचली की नाही, आणि जेथे मुले खेळतात तेथे आपण त्याला जेवायला तर बोलावत नाही ना, हेही पाहिले पाहिजे. ज्याला नुसते दान द्यावयाचे आहे आणि भार उचलावयाचा नाही, तो चाळीचाही मित्र नव्हे आणि कुत्र्याचाही नव्हे.

हे अशक्य नाही. आपल्या शेजारच्या गोव्याने ते करून दाखवले. तेथे २०१३ पासून सरकार आणि सेवाभावी संस्था यांनी मिळून रस्तोरस्ती कुत्र्यांना लस टोचली. सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, असा अनुभव आहे. २०१८ आणि २०१९ या वर्षांत गोव्यात रेबीजने एकही मनुष्य दगावला नाही. कुत्री रस्त्यावर राहिली, आणि मृत्यू मात्र थांबले. आणि कुणाला कुत्रा चावलाच, तर हळद-चुना, मंत्र-गंडा न करता जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. एवढे जरी आपण घरी जाऊन चार माणसांना सांगितले, तरी आजच्या व्याख्यानाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

सभा संपल्यावर आपण घरी जाल, तेव्हा जिन्याच्या तोंडाशी ते कुत्रे असेल आणि एक डोळा उघडून आपल्याकडे पाहील. त्याच्या पूर्वजाने चौदा हजार वर्षांहून आधी अशाच एका रात्री माणसाच्या शेकोटीकडे पाहिले होते, आणि पळून न जाता तो तेथेच थांबला होता. त्याने आपला भाग पुरा केला, तो माणसाळला. आता त्याला नीट पाळावयाचे, की नुसतेच दाराशी ठेवावयाचे, हे ठरवणे आपल्याकडे आहे.